ज्योतीजवळचं भिंग

बाईंनी उजवा डोळा नळीला लावला, डावा तळहाताने झाकला आणि दिव्याचा नॉब केसभर पुढे सरकवला. नळीत जांभळ्यापासून लालपर्यंतचा रंगांचा पट्टा पसरला होता. त्याच्या पिवळ्या भागात दोन बारीक, झळझळीत रेषा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. नॉब आणखी केसभर. रेषा जरा फिकटल्या. आणखी केसभर. अजून होत्या. बाईंनी श्वास रोखला, नॉब पुन्हा थोडा सरकवला आणि रेषा पट्ट्यात विरून गेल्या.

"किती?" मागून साहेबांनी विचारलं.

बाईंनी मीटर बघितला आणि भिंतीवरच्या तापमानाच्या तक्त्यावर बोट फिरवलं. तक्ता त्यांना तोंडपाठ होता, तरी फिरवलं.

"सतराशे अठ्ठ्याऐंशी."

साहेब बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने भले. भल्या माणसावर वाईट बोलायची वेळ आली की तो हातांना काहीतरी काम देतो. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

टेबलावर जळत होती ती 'रोजची ज्योत'. कारखाना भट्ट्यांचे बर्नर बनवायचा, आणि ही त्यांची चाचणी-खोली. नव्या बर्नरला हात लावण्याआधी दररोज सकाळी एक जुना, ओळखीचा बर्नर पेटवायचा. तोच गॅस, तीच हवा, तेवढाच दाब. त्याचं तापमान सतराशे बासष्ट यायला हवं. तीन अंश इकडे, तीन अंश तिकडे. तेवढं आलं की समजायचं, सगळं ठाकठीक आहे, आता कामाला लागा. बावीस वर्षं ते तसंच येत होतं. गेल्या चार महिन्यांत ते हळूहळू वर सरकलं आणि आज सव्वीस अंश वर जाऊन बसलं होतं.

मोजण्याची रीत जुनी होती, पण बाईंना तिच्याइतकं सुंदर दुसरं काही माहीत नव्हतं. ज्योतीत तापमापी बुडवता येत नाही. बुडवली तर वितळते, आणि नाही वितळली तरी ज्योतीलाच गार करते. म्हणून ज्योतीत मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा सोडायचा. ती पिवळीधमक होते आणि नळीतून बघितलं की त्या दोन रेषा दिसतात. ज्योतीच्या पलीकडे एक दिवा ठेवायचा. दिव्याचा प्रकाश एका भिंगातून ज्योतीत पडतो, आणि ज्योतीतून निघून दुसऱ्या भिंगातून नळीत येतो. दिवा ज्योतीपेक्षा थंड असेल तर रेषा उजळ दिसतात. दिवा जास्त तापला की त्याच रेषा काळ्या पडतात. दोघांची बरोबरी झाली की रेषा दिसतच नाहीत. त्या क्षणी दिवा जेवढा तापलेला, तेवढीच ज्योत तापलेली. काम काय, तर तो क्षण पकडायचा. कारखान्यात बाईंच्या डोळ्याची ख्याती होती. दुसऱ्या विभागातले लोक त्यांना पाठीमागे 'घारबाई' म्हणायचे, आणि बाईंना ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

"गॅसचा दाब तपासला, हवेचा तपासला," साहेब म्हणाले. "मीटर बाहेरून तपासून आणला. दिवासुद्धा तपासून आणला. सगळं चोख आहे, बाई."

म्हणजे उरलं काय, ते दोघांनाही समजत होतं.

"सोमवारी मोठ्या बर्नरची चाचणी आहे," साहेब पुढे म्हणाले. "आकड्याखाली तुमची सही लागेल. तुम्हाला खात्री नसेल तर... तसं सांगा. मी बघतो कोणाला तरी. रागावू नका."

"रागावते कशाला? बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "उद्या सांगते."

त्यांच्या पर्समध्ये एक अर्ज गेले आठ दिवस घडी होऊन पडला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलं होतं. 'अगदी किरकोळ, काळजीचं कारण नाही' असंही सांगितलं होतं. डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ. पण विरलेली रेष ज्या डोळ्याला आणखी थोडा वेळ दिसत राहते, त्या डोळ्याचं या खोलीत काय काम? बाईंना तीच भीती होती. रेष गेलेली असते, आपल्याला मात्र ती दिसते, आपण नॉब उगाच पुढे नेतो आणि आकडा चढतो. निरीक्षकाचं काम सोडून नोंदी ठेवायच्या टेबलावर बदली मिळावी, असा तो अर्ज होता. नोंदींच्या टेबलाला खिडकी होती, बसायला चांगली खुर्ची होती. त्या सुखाची बाईंना नुसती कल्पनाही नकोशी व्हायची.

घरी त्यांच्या नवऱ्याने यावर आपल्या परीने उपाय शोधला होता. तो रोज संध्याकाळी सुई आणि दोरा घेऊन समोर बसायचा. "ओव." बाई पहिल्या फटक्यात ओवायच्या. "बघ! मला तर सुईच दिसत नाही," तो अभिमानाने म्हणायचा. आठ दिवसांत घरातल्या सगळ्या सुया ओवून झाल्या होत्या. बाईंना हसू यायचं आणि बरंही वाटायचं, पण सुईचं नेढं काही हळूहळू विरत नाही.

त्या संध्याकाळी बाई घरी न जाता अण्णांकडे गेल्या.

अण्णा म्हणजे त्यांच्या आधीचे निरीक्षक. बाई कारखान्यात टंकलेखनाला लागल्या होत्या. एकदा अण्णांचे डोळे आले, लालबुंद झाले, आणि चाचणी तर त्याच दिवशी उरकायची होती. अण्णांनी समोर दिसलेल्या पहिल्या माणसाला हाक मारली. ती होती कागद घेऊन आलेली ही मुलगी. "ये इकडे, डोळा लाव. दोन रेषा दिसतात? नाहीशा झाल्या की सांग." मुलीने सांगितलं. अण्णांनी आकडा बघितला, मग मुलीकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांशी भांडून तिला आपल्या खोलीत आणलं. ते डोळे आले नसते तर आपण जन्मभर दुसऱ्यांची पत्रं बडवत बसलो असतो, असं बाई अजूनही सांगायच्या. निवृत्त झाल्यावरही अण्णा रोज सकाळी चाचणी-खोलीत येऊन तासभर पेपर वाचत बसायचे. चार महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते येणं थांबलं.

आता ते पाय स्टुलावर ठेवून बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"उतरून बघितलंस?"

बाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"अगं, मी काय विचारतोय? दिवा चढवत नेलास, रेष गेली, आकडा घेतलास. मग दिवा आणखी चढव, रेष काळी होऊ दे, आणि तिथून उतरत ये. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं तुला. एकदा चढून, एकदा उतरून."

"शिकवलं होतं," बाई म्हणाल्या. "पण दोन्ही आकडे रोज तेच यायचे, अण्णा. दहा वर्षं तेच आले. मग मी उतरायचं सोडून दिलं."

"वा! म्हणजे माझी शिकवण दहा वर्षं टिकली, बरीच म्हणायची." अण्णा हसले. मग गुडघा चोळत म्हणाले, "तुझा डोळा उशीर करत असेल ना, तर तो दोन्हीकडून उशीर करेल. चढताना आकडा जास्त येईल, उतरताना कमी. उद्या बघ. अर्ज काय पळून जात नाही."

बाई जायला उठल्या तेव्हा अण्णा म्हणाले, "आणि काहीही निघालं तरी मला फोन कर. वाट बघतोय."

शुक्रवारी बाई अर्धा तास आधी पोचल्या. बर्नर पेटवला, फवारा सोडला. चढून: सतराशे अठ्ठ्याऐंशी. मग दिवा आणखी तापवला. त्या दोन रेषा पट्ट्यावर काळ्या कुळकुळीत उमटल्या. इतक्या वर्षांनी त्यांना काळं बघताना बाईंना जुन्या ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. नॉब मागे, केसभर, आणखी केसभर. रेषा करड्या झाल्या, फिकटल्या, गेल्या.

सतराशे सत्याऐंशी.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाच वेळा चढल्या, पाच वेळा उतरल्या. दोन्हीकडच्या आकड्यांत एका अंशापलीकडे फरक पडेना. बाईंनी नळीवरून डोळा काढला, आणि तो डोळा भरून आला. मोतीबिंदू असेल, तर असो. रेष गेल्यावर तो तिला गेलीच म्हणत होता.

मग सव्वीस अंश येतात कुठून? डोळा खरा, मीटर खरा, दिवा खरा. दिवा खरा असूनही त्याला ज्योतीशी बरोबरी करायला जास्त तापावं लागतंय. म्हणजे त्याचा उजेड वाटेतच कुठेतरी कमी होतोय. वाटेत होतं एकच, दिव्याच्या आणि ज्योतीच्या मधलं भिंग.

बाईंनी गॅस बंद केला आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. समोरून भिंग स्वच्छ दिसत होतं. त्यांनी टॉर्च तिरकी धरली. ज्योतीकडच्या बाजूवर मिठाचा पातळ, एकसारखा थर बसला होता. फुंकर घातलेल्या आरशावर असतो तेवढाच. बोट टेकवलं तर ठसा उमटला.

नळीकडचं भिंग मळलं तर बिघडत नाही. तिथे दिव्याचा आणि ज्योतीचा उजेड सारखाच अडतो. पण या भिंगाची घाण फक्त दिव्याच्या वाट्याला येते. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर त्यांनी पानभर लिहिलं असतं. पण बावीस वर्षांत ते भिंग मळलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि जे कधी मळत नाही ते पुसायचं कोणाच्या डोक्यात येतं? त्यांनी भिंग पुसलं, नीट कोरडं केलं, बर्नर पेटवला.

चढून सतराशे बासष्ट. उतरून सतराशे बासष्ट.

बाई खुर्चीत बसल्या. पर्समधला अर्ज काढला आणि त्याचे अगदी सावकाश, सारखे, आठ तुकडे केले. मग मात्र त्यांना ज्या प्रश्नाने घेरलं, त्याच्यापुढे सव्वीस अंश काहीच नव्हते. मिठाचा फवारा बावीस वर्षं रोज उडतोय. मग एवढी वर्षं ते भिंग स्वच्छ राहिलं कसं?

उत्तर त्यांना लगेच सापडलं. चार महिन्यांपासून आकडा चढतोय. चार महिन्यांपासून अण्णा येत नाहीत. रोज सकाळी पेपर वाचायला येऊन बसायचे म्हणे! बाईंनी फोन लावला.

"अण्णा, भिंग मळलं होतं. ज्योतीजवळचं. तुम्ही रोज पुसत होता ना? इतकी वर्षं, एका शब्दाने बोलला नाहीत. मी तुमचे कसे आभार मानू?"

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"अगं बाई," अण्णा म्हणाले, "खोटं श्रेय घ्यायला मला फार आवडलं असतं. पण मी कधी त्या भिंगाला हात लावला नाही. माझ्या काळातही ते स्वच्छच असायचं. मला वाटलं, तू पुसतेस."

"आणि मी यायच्या आधी?"

"आधी..." अण्णा विचारात पडले. "आधीही स्वच्छच असायचं की. कमालच आहे. कोणी पुसलं मग?"

बाईंनी फोन ठेवला आणि नोंदवही काढली. चार महिने मागे गेल्या. बासष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. आणि मग एका सोमवारपासून चौसष्ट, पासष्ट, सदुसष्ट. त्या सोमवारी काय झालं होतं? त्यांनी मान वर केली आणि उत्तर समोरच्या भिंतीवर दिसलं. लाल शाईत, खाली दोन रेघा ओढून, त्यांच्याच अक्षरात: 'या टेबलावरील कोणत्याही वस्तूला कोणीही हात लावू नये.' खाली त्याच सोमवारची तारीख. त्या आठवड्यात दिव्याचा स्टँड कोणीतरी हलवला होता, तो जाग्यावर आणण्यात बाईंचा अर्धा दिवस गेला होता, आणि तणतणत त्यांनी हा कागद चिकटवला होता. या खोलीत सकाळी त्यांच्याआधी येणारं माणूस एकच होतं.

मावशी व्हरांड्याच्या टोकाला नळाखाली फडकी पिळत होत्या. कारखान्यातल्या सगळ्यांच्याच त्या मावशी. खोल्या झाडायला अण्णांच्या काळापासून होत्या. बाईंना घाईघाईने येताना बघून त्यांनी पाणी बंद केलं.

"मावशी, ज्योतीजवळचं ते भिंग, गोल काच, ती तुम्ही पुसत होता?"

मावशींचा चेहरा उतरला. "आता नाही हो हात लावत, बाई. तुम्ही कागद लावलात ना, तेव्हापासून टेबलाच्या जवळसुद्धा जात नाही. खालीच तेवढं झाडते. आणि तो दिवा मी नव्हता हलवला. खरंच सांगते."

"अहो, नाही, मावशी. मी रागावायला नाही आले. आधी पुसत होता का, तेवढं सांगा."

"पुसायचे," मावशी हळूच म्हणाल्या. "रोज जराशी धुरकट व्हायची ती. तोंडाची वाफ द्यायची आणि मऊ फडक्याने पुसायची. त्याचं फडकंही वेगळं ठेवलं होतं, जुन्या अभ्र्याचं. जाग्यावरून हलवायची नाही हे मला कळत होतं. तुमचं ते सगळं एका ओळीत लावलेलं असतं ना."

"पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुसायला?"

"सांगायचं काय त्यात?" मावशींना प्रश्नच समजला नाही. "तुम्ही दिवसभर डोळा लावून बसता तिथे. अण्णासाहेब पण बसायचे. म्हटलं, निदान स्वच्छ तरी दिसू दे."

बाईंना बोलायचं होतं ते बरंच होतं. बावीस वर्षं आपल्याला ज्या डोळ्याची शाबासकी मिळाली, ती निम्मी या फडक्याची होती. अण्णांना निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, तिचाही एक काठ या फडक्याचा होता. आणि आपण काय केलं, तर दोन रेघा ओढून पाटी लावली. हे सगळं नळापाशी उभं राहून कसं सांगायचं? त्यांनी मावशींचे ओले हात आपल्या हातात धरले.

"तुमचे उपकार आहेत माझ्यावर, मावशी. फार मोठे. आणि माझं चुकलं. तो कागद लावायला नको होता."

"अगं बाई! काचेचं एवढं काय?" मावशी इकडे तिकडे बघत हात सोडवायला लागल्या. "तुमचे हात ओले होतील."

"होऊ देत. चला माझ्याबरोबर."

खोलीत आल्यावर बाईंनी आधी तो कागद भिंतीवरून काढला. मग बर्नर पेटवला, फवारा सोडला आणि आपली खुर्ची नळीसमोर सरकवली. मावशी बसेनात. बाईंनी त्यांना खांदे धरून बसवलं.

"इथे डोळा लावा. दुसरा झाका. काय दिसतं?"

"अंधार." मग एकदम, "अय्या! केवढे रंग! बाई, हे एवढ्याशा नळीत?"

"पिवळ्या रंगात बघा. दोन रेषा दिसतात?"

"दिसतात. दोन केस लावून ठेवल्यासारख्या."

"आता मी दिवा वाढवते. त्या नाहीशा झाल्या की सांगायचं. घाई करायची नाही. अगदी गेल्या की मगच."

बाईंनी नॉब फिरवला. केसभर, आणखी केसभर. खोलीत फक्त ज्योतीचा आवाज होता. मावशींनी झाकलेल्या डोळ्यावरचा हात आणखी घट्ट धरला. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, तांदूळ निवडताना पडते तशी.

"आहेत... आहेत... बारीक झाल्या... गेल्या."

बाईंनी मीटर बघितला, मग तक्ता. या खेपेला बोट खरोखरच तक्त्यावर थांबलं.

सतराशे एकसष्ट.

"बरोबर आलं का?" मावशींनी नळीपाशीच विचारलं.

"बरोबर आलं."

"पण गेल्या कुठे त्या?"

"तिथेच आहेत. मागचा दिवा आणि ही ज्योत, दोघांची बरोबरी झाली, म्हणून दिसत नाहीत."

मावशींनी मान हलवली. समजलं असेल किंवा नसेलही. त्या अजून त्या रंगांकडे बघत होत्या. एवढ्यात दारात साहेब येऊन उभे राहिले. निरीक्षकाच्या खुर्चीत मावशींना बघून त्यांनी खिशातल्या पेनाकडे हात नेला.

"साहेब, सोमवारी चाचणी घेऊ," बाई म्हणाल्या. "सही मी करते. दोष डोळ्याचा नव्हता, भिंगाचा होता. सगळं सांगते, फक्त दोन मिनिटं द्या."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, टेबलावरच्या अर्जाच्या आठ तुकड्यांकडे बघितलं, आणि पेन न काढताच हसले. "दोन काय, दहा घ्या," असं म्हणून ते वळले.

मावशी मात्र साहेबांना बघून घाईने उठल्या होत्या. कमरेला खोचलेलं कोरडं फडकं त्यांनी काढलं, त्याचा स्वच्छ कोपरा शोधला आणि नळीच्या तोंडाकडे वाकल्या.

"काय करताय, मावशी?"

"पुसून देते. माझा डोळा लागला होता ना."

बाईंनी त्यांचा हात मध्येच धरला. "राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसून आपला डोळा नळीला लावला. नळीच्या तोंडाची रबरी कड अजून कोमट होती.